काहीच म्हणजे नथिंग नव्हे : इंग्रजी नकाराचा माझा अनुभव

रावेर तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयात मी पत्रव्यवहाराचे काम पाहू लागलो, तेव्हा माझी वाणिज्य शाखेची पदवी नुकतीच पूर्ण झाली होती. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले. मी त्याआधीचा, पाचवीत एबीसीडी गिरवलेला विद्यार्थी. व्याकरणाचे नियम पाठ होते, गुणही बरे मिळत. कामात मात्र माझी चूक पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी होई, आणि ते ठिकाण म्हणजे नकार.

पहिला धक्का एका ई-मेलने दिला. दिल्लीच्या खरेदीदाराने विचारले होते, 'हॅवन्ट द बॉक्सेस बीन डिस्पॅच्ड?' माल निघालेला नव्हता, म्हणून मी 'येस, सर' असे कळवले. आपल्याकडे 'माल निघाला नाही का?' या प्रश्नाला 'हो, नाही निघाला' असे उत्तर देतात, कारण त्या 'हो'ने आपण समोरच्याचा अंदाज बरोबर असल्याचे सांगतो. इंग्रजीतील येस आणि नो समोरच्याच्या अंदाजाकडे पाहत नाहीत. गोष्ट घडली असेल तर येस, घडली नसेल तर नो, मग प्रश्न होकारार्थी विचारलेला असो की नकारार्थी. खरेदीदाराने माल वाटेत आहे असे धरून पुढे शब्द दिला, आणि नंतरचे दोन दिवस मला फोनवर खुलासे करण्यात घालवावे लागले.

आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पुस्तक उघडले नाही. मीच पाठवलेल्या ई-मेलच्या प्रती मागवल्या आणि प्रत्येक वाक्यातील नकार लाल शाईने अधोरेखित करायला सांगितले. 'आय डोन्ट नो नथिंग अबाउट द रेट' या वाक्यात दोन रेघा आल्या. 'हेच अहिराणीत बोल बरं,' ते म्हणाले. मी म्हणालो, 'माले काहीच माहीत नही.' त्यांनी विचारले, 'यातलं नकाराचं काम कोण करतंय, काहीच की नही?'

हा प्रश्न मला आजवर कोणीच विचारला नव्हता. 'काहीच', 'कोणीच', 'कधीच' हे शब्द स्वतः नकार देत नाहीत, ते शेवटच्या 'नाही'ची वाट पाहतात. नथिंग, नोबडी, नेव्हर या शब्दांच्या पोटात मात्र नकार आधीपासून असतो. शाळेत आम्ही 'काहीच म्हणजे नथिंग' असे पाठ केले आणि चुकीचे मूळ तिथेच होते. सोबत 'डोन्ट' असेल तर 'काहीच'ची जोडी एनिथिंगशी, 'कोणीच'ची एनिबडीशी आणि 'कधीच'ची एव्हरशी लागते. आप्पांनी हेही सांगितले की चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याच्या इंग्रजीतसुद्धा दोन-तीन नकार एका वाक्यात येत आणि ते एकमेकांना बळकटीच देत. दुहेरी नकार प्रमाण भाषेत चूक ठरवण्याचा आग्रह अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी धरला, पण बोलींमध्ये दुहेरी नकार अजूनही टिकून आहे. हे ऐकून मला फार बरे वाटले, कारण आपली विचार करण्याची रीत अडाणीपणाची नाही, एवढी खात्री पटली की माणूस शिकायला मोकळा होतो.

त्यानंतर मी एक वही केली आणि रोज संध्याकाळी त्या दिवशीची नकारार्थी वाक्ये तीत उतरवू लागलो. हार्डली, सेल्डम, स्केअर्सली यांच्यातही नकार दडलेला असतो, हे लवकर अंगवळणी पडले. अनलेस आणि अनटिल यांनी मात्र कित्येक महिने घेतले. 'तुम्ही ॲडव्हान्स पाठवत नाही तोपर्यंत गाडी भरणार नाही' हे मराठीत इतके स्वाभाविक आहे की हात आपोआप 'अनटिल यू डोन्ट सेंड' असे लिहितो. तिथे 'अनटिल यू सेंड' एवढेच हवे. 'आज पैसे देण्याची गरज नाही' यासाठी मी 'मस्ट नॉट पे' लिहीत असे, ज्याचा अर्थ 'पैसे देऊ नका' असा होतो; योग्य शब्द 'नीड नॉट'.

सर्वांत अवघड वाटले ते 'ऑल'. 'सगळ्या गाड्या भरलेल्या नाहीत' या वाक्यात काही भरल्या की एकही नाही, हे आपण बोलण्याच्या सुरावरून ओळखतो. 'ऑल द ट्रक्स आर नॉट लोडेड' असे लिहिले, तर कागदावर तो सूर उरत नाही आणि वाचणारा संभ्रमात पडतो. म्हणून काही भरल्या असतील तर 'नॉट ऑल द ट्रक्स' आणि एकही भरली नसेल तर 'नन ऑफ द ट्रक्स' असे मी ठरवून लिहितो. दहावीला ज्यावर हमखास गुण मिळत त्या 'नो सूनर डिड'ची गरज मात्र कार्यालयात मला एकदाही पडलेली नाही.

लिहिताना आता लाल रेघ मनातच ओढली जाते. फोनवर अजून जीभ 'येस'कडे वळते, म्हणून नकारार्थी प्रश्न आला की मी येस किंवा नो न म्हणता पूर्ण वाक्यच बोलतो : 'द बॉक्सेस हॅव नॉट लेफ्ट, सर, दे विल लीव्ह टुनाइट.'