गारगोट्यांचा दिवस

‘न्यूयॉर्कमधल्या सैन्यासाठी सूचनांचा पुरवठा व्हावा, असा अर्ज पेनसिल्व्हेनियाच्या संरक्षण समितीकडे करावा.’ हा ठराव मी वाचला, मनात म्हटलं सूचनांना काय तोटा, आणि खालच्या ओळीवर गेले. चूक तिथेच झाली.

जुनी छापील पुस्तकं तपासणं हे माझं काम. पडद्यावर डावीकडे स्कॅन केलेलं पान, उजवीकडे यंत्राने ओळखलेला मजकूर. दोन्ही ताडायचे, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचं. पैसे पानामागे. एका उन्हाळ्यात आमच्याकडे ‘जर्नल्स ऑफ द कॉन्टिनेंटल काँग्रेस’ आलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालवणाऱ्या सभेचं हे रोजचं इतिवृत्त. ३४ खंड, लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०४ ते १९३७ या काळात छापलेले. माझ्या वाट्याला पाचवा खंड आला, जून ते ऑक्टोबर १७७६.

मला वाटलं होतं, क्रांतिकारकांची सभा म्हणजे धडाधड भाषणं असतील. भाषण एकही नाही. चार्ल्स थॉमसन हा गृहस्थ १७७४ पासून १७८९ पर्यंत सचिव होता, आणि कोण काय बोललं हे तो लिहीतच नसे. आज कोणतं पत्र आलं, ते कोणत्या समितीकडे गेलं, काय ठरलं, कोणाला किती पैसे द्यायचे. संपलं. या सभेला मंत्री नव्हते, कर बसवायचा अधिकार नव्हता, वसाहत लहान असो वा मोठी, प्रत्येकीला मत एक. मग जो प्रश्न येईल त्याला एक समिती. एकटा जॉन अ‍ॅडम्स नव्वदच्या आसपास समित्यांवर होता, वर जून १७७६ मध्ये नेमलेल्या युद्धमंडळाचा अध्यक्षही. पैसा नसला की नोटा छापायच्या. जून १७७५ मध्ये २० लाख डॉलरपासून सुरुवात झाली. १७७९ संपेपर्यंत आकडा २४ कोटींच्या घरात गेला. १७८० मध्ये तर चाळीस कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक, हे काँग्रेसने स्वतःच मान्य करून टाकलं.

मला खरं छळलं ते नव्वदांशांनी. टपाल घेऊन आलेल्या घोडेस्वाराचा खर्च, गाडीभाडं, कैद्यांचं जेवण, सगळ्या रकमा डॉलर आणि नव्वदांश अशा. आधी मी ती छपाईची चूक समजले. मग हिशेब लागला. पेनसिल्व्हेनियात डॉलरचे साडेसात शिलिंग होत, म्हणजे नव्वद पेन्स. कारकुनाच्या दृष्टीने अगदी सरळ. यंत्राला मात्र ते अपूर्णांक काही केल्या वाचता येत नव्हते, ते त्याजागी ठिपके टाकून मोकळं व्हायचं.

तर त्या दिवशी डबा खाऊन बसले होते. सूचनांचा ठराव ओलांडला. त्याच ठरावात पुढे मेरीलँड आणि डेलावेअरने आपली शिबंदी ताबडतोब फिलाडेल्फियाकडे धाडावी, असं होतं. ते तपासलं. आणि त्याखाली एकदम ओळखीचं वाक्य समोर आलं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा! मान वर करून पानाची तारीख पाहिली: गुरुवार, ४ जुलै १७७६. कामाच्या नादात मी तारीख वाचलीच नव्हती.

जाहीरनाम्याला माझी फारशी गरज नव्हती, यंत्राने तो जवळजवळ बिनचूक वाचला होता. मी थबकले ती त्यानंतरच्या आदेशापाशी. जाहीरनामा छापावा आणि तो तयार करणाऱ्या समितीनेच छपाईवर देखरेख ठेवून दुरुस्त्या कराव्यात. म्हणजे जेफर्सन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, शर्मन आणि लिव्हिंग्स्टन यांना सभेने प्रूफं तपासायला बसवलं होतं! फ्रँकलिन तर मुळात छापखानेवाला. डनलॅपच्या छापखान्यात त्या रात्री तो कागद निघाला. त्यावर नावं दोनच, अध्यक्ष हॅनकॉक आणि आपला थॉमसन. सह्यांची नोंद याच खंडात पुढे २ ऑगस्टला येते. तिथे थॉमसन लिहितो की सुवाच्य अक्षरात उतरवलेली प्रत ‘टेबलावर ताडून पाहिली’ आणि मग सह्या झाल्या. मला आमचीच खोली आठवली.

मग आणखी खाली आले. युद्धमंडळाने ‘हिंट्स’, म्हणजे त्याच सूचना, बनवायला लागतील तेवढी माणसं नेमावीत. हिंट्स बनवायला माणसं? पुढे वाचते तर, हे काम जाणणारे कोण कुठे राहतात त्यांची नावं कळवावीत, त्याचे उत्तम दगड कुठे मिळतात ते कळवावं, सोबत नमुने पाठवावेत.

दगड!

पान तिप्पट मोठं केलं. जुन्या छपाईत ‘एफ’ आणि ‘एल’ एकाच जोडखिळ्यावर, म्हणजे दोन अक्षरांच्या एकाच ठशावर, असत. यंत्राने त्या जोडीला ‘एच’ मानलं होतं. शब्द होता ‘फ्लिंट्स’. चापाच्या बंदुकीतली गारगोटी. चाप ओढला की ती पोलादावर आपटते, ठिणगी पडते, बार उडतो. काही डझन बारांनंतर तिची धार जाते आणि बंदूक नुसतं दांडकं उरते. चांगल्या गारगोट्या तोवर युरोपातून येत. तिकडे न्यूयॉर्कच्या तोंडाशी इंग्रज सेनापती हाऊचं आरमार उभं होतं, त्याची फौज स्टेटन आयलंडवर उतरू लागली होती. म्हणून जाहीरनाम्याच्या आधी गारगोट्या मागितलेल्या, जाहीरनामा मंजूर केल्यावर पुन्हा गारगोट्या. आणि मी त्या पुसून तिथे सूचना ठेवल्या होत्या.

मी मोडी शिकत असताना पेशवे दफ्तरातले कागद पाहिले होते. तिथेही लढाईच्या नावाखाली बैल, दाणावैरण, दारूगोळा, कोणाची बाकी किती, असंच सगळं. बारभाईंचा कारभार १७७४ चा, ही काँग्रेसही १७७४ ची, आणि पुढे दोघांची गाठ इंग्रजांशीच. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी करारावर सही केली, तेव्हा फिलाडेल्फियात ही मंडळी घसरत्या नोटांशी झुंजत होती. शाळेत हे दोन धडे दोन वेगळ्या पुस्तकांत होते.

तेवढ्यात दुसरी शंका डोक्यात आली. तोच जोडखिळा ‘फ्लोअर’ या शब्दातही असणार, म्हणजे पीठ. मागची फाइल उघडून शोध दिला. सैन्याला पाठवलेल्या पिठाच्या पिंपांत चक्क ‘अवर’ भरलेले, तास! ‘हिंट्स’ काय आणि ‘अवर’ काय, दोन्ही शब्दकोशात आहेत, त्यामुळे स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम गप्प. मीही गप्पच होते.

सुपरवायझर मॅडमना सांगितलं, “मॅडम, दिलेली पानं परत उघडावी लागतील.”

“अगं, ती मंजूर झालीत. कोण वाचणार आहे ते पीठ?”

“मी वाचलं नाही, तोच तर घोळ झाला.”

त्यांनी पानं उघडून दिली, पण त्या पानांचे पैसे पुन्हा मिळणार नाहीत हे बजावून. सात वाजेपर्यंत मी तासांचं पीठ करत बसले. नवी पानं त्या दिवशी नेहमीच्या निम्मीही झाली नाहीत. रोजच्या तक्त्यात ‘काम कमी झाल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात लिहिलं: गारगोट्या, पीठ.