आवडीच्या नोकरीचा खर्च कोण उचलतो?

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले-मुली, त्यांचे पालक आणि क्वचित माझ्याच नात्यातली माणसे मला एक प्रश्न नेहमी विचारतात. संगणकशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही पुण्यात सॉफ्टवेअरची चांगली नोकरी करत होतात, ती सोडून सोलापूरला परत आलात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरी आणि टॉवेलांची डिझाइने करू लागलात आणि पगार निम्म्याहून खाली आला; तर आम्हीही मोठा पगार सोडून आवडीचे काम धरावे का? विचारणाऱ्याला बहुधा 'हो' ऐकायचे असते आणि शेजारी बसलेल्या त्याच्या आईवडिलांना 'नाही'. मी दोघांचेही समाधान करू शकत नाही. पगारात जी तूट येते ती कोणाला तरी भरून काढावी लागते, आणि ती कोण भरणार हे ठरल्याशिवाय आवडीविषयी बोलण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

मी २००७ मध्ये परत आले तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. नवरा इथेच निमसरकारी नोकरीत होता, सासऱ्यांनी जुळे सोलापुरात बांधलेल्या घराचे कर्ज फिटलेले होते आणि माहेरी माझ्या पगारावर अवलंबून असलेले कोणी नव्हते. किराणा, विजेचे बिल आणि पुढे मुलाची शाळा हे सगळे माझ्या पगाराला हात न लावता निभत होते. लोक माझ्या धाडसाचे कौतुक करतात तेव्हा मला संकोच वाटतो, कारण धाडस असलेच तर ते नवऱ्याचे होते. दोन पगार धरून संसाराचा हिशेब मांडलेल्या माणसाने त्यातला एक अर्धा झालेला चालवून घेतला. अर्थात विनातक्रार नव्हे. त्याने मला वही घेऊन बसवले, पुढच्या काही वर्षांचा खर्च ओळीने लिहायला लावला आणि बेरीज जमते असे दिसल्यावरच मान हलवली.

आता ज्या कामासाठी हे केले त्याविषयी. जेकार्ड मागावर, म्हणजे कापडातच नक्षी विणणाऱ्या मागावर, विणल्या जाणाऱ्या कापडाचे डिझाइन चौकटीच्या कागदावर, हल्ली संगणकाच्या पडद्यावर, काढले जाते आणि त्यातला प्रत्येक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. मी आले तेव्हा बरेच माग पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालत होते. कार्डाला भोक असेल तिथे हुक वर जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे तो खालीच राहतो, आणि प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक स्वतंत्र कार्ड लागते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढे गणकयंत्रांच्या कार्डांपर्यंत पोचली, त्यामुळे संगणकाची पदवी वाया गेली असे मला म्हणणाऱ्यांनी इतिहास जरा पुन्हा वाचावा. इलेक्ट्रॉनिक जेकार्डात कार्डांची माळ गेली आणि फाइल आली. चौकोनांचे गणित मात्र तेच राहिले.

हे गणितच मला आवडते. इंचाला उभे धागे जितके असतात तितके आडवे नसतात, म्हणून पडद्यावर काढलेले गोल वर्तुळ कापडावर अंडाकृती होते आणि ते गोल दिसावे यासाठी मुळात वाकडे काढावे लागते. जेकार्ड चादरीत एका बाजूला जो रंग नक्षीचा असतो तो दुसऱ्या बाजूला जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागाचा, होतो, तेव्हा नक्षीतला मोर एकाच वेळी दोन्ही बाजूंनी शोभला पाहिजे. टॉवेलाची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्याचा उभा धागा दोन बीमांवरून, म्हणजे धागा गुंडाळलेल्या रुळांवरून, येतो, एकावरचा ताठ आणि दुसऱ्यावरचा सैल. आडवे धागे ठोकून बसवणारी फणी पहिले दोन आडवे धागे विणून झालेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडे थांबवते आणि तिसरा पूर्ण ठोकते. त्या ठोक्यासरशी तिन्ही धागे ताठ धाग्यांवरून पुढे सरकतात, सैल धागा त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि त्याची वेटोळी उभी राहतात. ही वेटोळी इकडेतिकडे झुकत असल्यामुळे एका चौकोनाची नाजूक रेघ टॉवेलात हरवून जाते, आणि नवशिक्या डिझायनरला ही गोष्ट पहिला नमुना मागावरून उतरल्याशिवाय पटत नाही.

परंतु माझा सगळा दिवस मोर काढण्यात जातो असे कोणी समजू नये. बराच वेळ जुनेच डिझाइन नव्या मापात बसवण्यात, हॉटेलचे किंवा रुग्णालयाचे नाव टॉवेलाच्या पट्ट्यात विणून आणण्यात आणि व्यापाऱ्याने फोनवर सांगितलेला रंग नेमका कोणता याचा अंदाज बांधण्यात जातो. पुण्यातल्या नोकरीतही कंटाळवाण्या कामाचे प्रमाण साधारण एवढेच होते. फरक इतकाच की इथला कंटाळा मला सोसवतो, कारण त्याच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक असते. आवडीच्या कामाची परीक्षा मी याच गोष्टीवर करायला सांगते: त्या कामातला रटाळ भाग तुम्ही स्वतः काही काळ करून पाहिला आहे का? ज्यांनी तो पाहिलेला नसतो त्यांना बहुतेक वेळा काम आवडलेले नसते, त्या कामाचे छायाचित्र आवडलेले असते.

करिअर मार्गदर्शनाच्या भाषणांत सोलापूरला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव हमखास घेतले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच मरण पावलेला आपल्या गावचा डॉक्टर, म्हणून तुम्हीही ध्येयाच्या मागे जा, असा त्या भाषणांचा रोख असतो. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, पण कॅम्पस मुलाखतीला निघालेल्या मुलापुढे हे उदाहरण ठेवणे मला रास्त वाटत नाही. ध्येयामागे गेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्या घराचा विषय अशा भाषणांत कधीच निघत नाही.

काही वर्षांपूर्वी शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आमच्या कारखान्यात येत असे. तिची आई विड्या वळते. हजार विड्यांमागे जी मजुरी मिळेल त्यावर घर चालते आणि पाठीवर दोन लहान भावंडे आहेत. मुलीला डिझाइनची जाण चांगली होती, इतकी की तिने काढलेली एक किनार आम्ही थोडा बदल करून वापरलीही. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती आणि तिला ती नको होती. आई एकदा तिच्याबरोबर आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, माझं काही ऐकत नाही." मी पुण्याला जा असे सांगितले. "तुम्ही स्वतः मात्र परत आलात," असे ती मुलगी म्हणाली आणि तिचा राग योग्यच होता. तेव्हा मी तिला माझ्या घराचा हिशेब जसाच्या तसा सांगितला. माझ्या पगारातली तूट सुरक्षित पगार असलेल्या नवऱ्याने आणि कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या सासऱ्यांनी भरली. तिची तूट तिच्या आईला आणखी विड्या वळून भरावी लागली असती. शिवाय डिझाइन हे तिशीतही शिकता येते, भावंडांची शाळा मात्र तेवढा काळ थांबत नाही.

याउलट एका व्यापाऱ्याच्या मुलाला मी काहीही आढेवेढे न घेता आवडीचे काम धरायला सांगितले होते. त्याच्या वडिलांनी त्यानंतर बराच काळ माझ्याशी बोलणे टाकले होते, ते अलीकडे सुरू झाले आहे.

पालक पैशाबरोबरच स्थैर्याचा मुद्दा मांडतात आणि त्याला मी हलके लेखत नाही, पण सोलापूरकरांनी तो मांडताना थोडे जपून मांडावा. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीतल्या नोकरीइतकी पक्की नोकरी या गावात दुसरी नव्हती. तीच गिरणी १९४९ मध्ये बंद पडली, १९५० मध्ये केंद्र सरकारला तिच्यापुरता खास कायदा करून कारभार हाती घ्यावा लागला आणि त्यावरचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. माझे आजचे काम तरी कुठे पक्के आहे? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेलालाही आहे, पण पानिपतची मऊ पॉलिएस्टरची ब्लँकेटे बाजारात आल्यापासून सुती चादरीचे गिऱ्हाईक कमी होत गेले आणि सोलापूरचे कितीतरी माग टॉवेलांकडे वळले. मलाही वळावे लागले. मला चादर अधिक प्रिय आहे, पण आवडीच्या कामातही आपल्याला आवडणारा भाग कोणता उरणार हे बाजारच ठरवतो.

पैशाचा खरा फरक कुठे पडतो हेही नीट पाहिले पाहिजे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतचेच वेतन धरले जाते, आणि त्या वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. ३० वर्षांच्या नोकरीनंतर ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यास, वीस वर्षांहून अधिक नोकरीला मिळणारी जादा दोन वर्षे धरून, ही रक्कम महिन्याला साधारण ६,८६० रुपये होते. हिंजवडीत बसणारा माझा जुना सहकारी या मर्यादेतच असेल तर त्यालाही निवृत्तिवेतन एवढेच मिळेल. आमच्यात जे अंतर आहे ते बचतीचे आहे. त्याच्या भविष्य निर्वाह निधीत दरमहा माझ्या कितीतरी पट रक्कम पडते आणि तिच्यावर चक्रवाढीने व्याज चढते. म्हणजे पगारातला आजचा फरक घरात फारसा जाणवत नसला तरी साठीनंतर तो ठळक दिसणार आहे. विशीतल्या मुलाला हे सांगून पटत नाही, तरी मी सांगते.

पुण्याला जाणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगते. 'तीन वर्षे पैसे साठवतो आणि परत येतो' असे म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसने गेलेली माझ्या ओळखीची बहुतेक मुले आता वाकड-रावेतला वीस वर्षांच्या हप्त्यावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात. पगार वाढला तसा हप्ता वाढला, आणि परत यायचे की नाही हा निर्णय बँकेने परस्पर घेऊन टाकला. त्यात ती सुखी असतील तर मला काही म्हणायचे नाही. परंतु परत यायचा विचार खरोखर असेल तर पहिली काही वर्षे भाड्याच्या घरात काढावीत आणि खर्च पहिल्या पगाराच्या पातळीवरच ठेवावा, कारण आवडीचे काम करण्याची मुभा पुढे त्याच शिलकीतून मिळणार असते. माझ्यामागे होते तसे कोणी ज्यांच्यामागे उभे नाही त्यांना स्वतःची तूट स्वतः भरण्याचा मला माहीत असलेला एवढा एकच मार्ग आहे.

आता राहिला माझ्या स्वतःच्या पुढच्या बेताचा प्रश्न, तोही अनेक जण विचारतात. गेल्या वर्षी विणकामाच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीने मला पुण्याला बोलावले होते. पगार सध्याच्या तिप्पट होता आणि काम माझ्या आवडीचेच, कदाचित आजच्यापेक्षा अधिक आवडीचे. मी नकार दिला, तो मुलाची दहावी आणि सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन एकाच वर्षात आले म्हणून. घरून काम करता येईल का असे मी त्यांना विचारले होते. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात यावे लागेल असे त्यांनी कळवले. मुलाची बारावी झाल्यावर जागा असेल तर पुन्हा विचारायचे असे आम्ही घरी ठरवले आहे, आणि त्यासाठी नवऱ्याने नवी वही आणून ठेवली आहे.