पायरीवरची रेघ

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर, खाजनाच्या म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या कडेला असलेले एक जुने घर पाडून नवे बांधण्याचा आराखडा मी केला होता. जुलै 2021 च्या पुरानंतर माझ्याकडे येणारा जो तो जोत्याची उंची विचारत असे, आणि मीही मांडवीकडे पाहूनच उत्तर शोधले होते : एक मीटर मातीचा भराव, काँक्रीटची चौकट, सिमेंटचा गिलावा.

आषाढी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची भरती पाहावी म्हणून, मी रायबंदरहून फेरीबोटीने गेले. पाऊस रात्रभर कोसळत होता. घरमालक काकांनी कागद उघडूच दिले नाहीत. "बांधावर चल गो बाय, पाणी तिथे कळेल," म्हणाले.

भरतीच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, लाकडी दारे मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, हे मी वाचलेले होते. पण ती मिटलेली असताना टेकडीवरून उतरणारे पावसाचे पाणी कुठे जाते, हे कधी उभे राहून पाहिले नव्हते. खाजनात ते तुंबत गेले आणि तासाभरात घराच्या पायरीला लागले. नदी बांधापलीकडेच होती. "तुझा भराव पडला की हे शेजाऱ्याच्या चुलीत जाईल," काका म्हणाले. दुपारी तीनच्या सुमारास दारे उघडली, पाणी ओसरू लागले, तेव्हा पायरीवरच्या ओल्या खुणेवर मी खडूने रेघ ओढली.

नव्या आराखड्यातल्या सगळ्या उंच्या त्या रेघेपासून मोजल्या. भराव रद्द करून जांभ्याच्या चिऱ्यांचे जाड खांब घेतले आणि त्यांच्यामधून पाण्याला वाट ठेवली. जुन्या भिंतीवर नंतर कोणीतरी चढवलेला सिमेंटचा गिलावा पोपडे धरून सुटला होता. चिरा ओल शोषतो, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की खारटपणा गिलाव्यामागे साचून तो फोडतो. म्हणून चुना, ज्यावर दर काही वर्षांनी हात फिरवावा लागणार, हे काकांनी आनंदाने मान्य केले. खाऱ्या ओलीत गंजणारी सळई मात्र पूर्ण टाळता आली नाही : भूकंपाचा विचार करून अभियंत्याने भिंतींच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा धरलाच, तेव्हा निदान सळईवरचे काँक्रीटचे आवरण जाड करून घेतले.

मानशीच्या एका दाराची खालची फळी कुजलेली होती. ती माझ्या कामात बसत नव्हती. मी मोजमापे लिहून काकांकडे दिली, आणि त्यांनी तो कागद बांध-मानशी सांभाळणाऱ्या कूळ संघाच्या बैठकीसाठी छत्रीच्या पिशवीत घडी करून ठेवला.