लेबलवर फक्त थंडीचा आकडा

एडिनबरोजवळच्या एका नर्सरीत मी डोंगरी फुलझाडांचा विभाग सांभाळतो. मार्चमधल्या एका शनिवारी सत्तरीच्या एक बाई मेलेलं एडलवाइस, आल्प्समधलं पांढऱ्या लवेचं डोंगरी फुलझाड, मातीसकट उकरून घेऊन आल्या. "हे तिसरं," म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत होतं, आणि तेच मला लागलं. तिन्ही रोपं आमच्याकडचीच होती. शेवटचं तर मीच दिलेलं.

गड्डा हातावर घेतला. मधला कोंब ओढताच सुटून आला, काळा, बुळबुळीत. बाईंची माती अगदी हवी तशी होती: निम्मी बारीक खडी, जाडी वाळू, मुठीत दाबली तरी गोळा न होणारी. आणि तिच्या मधोमध आमच्या नर्सरीतला पीटचा, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या मातीचा, गोळा जसाच्या तसा, स्पंजासारखा पाणी धरून. एकही मूळ त्याच्या बाहेर गेलेलं नव्हतं.

एडलवाइस थंडीनं मरत नाही. आल्प्समध्ये दोन-तीन हजार मीटरवर, चुनखडीच्या कपारीत ते बर्फाखाली हिवाळा काढतं, आणि बर्फाखाली ते कोरडं राहतं. इथे बर्फ पडतो, वितळतो, वर पाऊस येतो, पुन्हा गोठतं. उन्हावाऱ्यापासून राखणारी पानांवरची लवच मग पाणी धरून बसते. मी निफाडकडचा. चाळीतला कांदा कशानं सडतो ते लहानपणापासून बघत आलोय.

घाऊक व्यापाऱ्याकडून चिमुकली रोपं पीटमध्ये येतात. आम्ही ती पीटमध्येच वाढवतो, खत देतो, कारण फुललेलं रोपच खपतं. खतानं ते लांबतं, हिरवट पडतं. ज्या पांढऱ्या लवेच्या पानांना लोक फूल समजतात, त्यांचा पांढरेपणाच जातो. लेबलवर मात्र 'उणे वीसपर्यंत तग धरतं'. खोटं नाही ते. पण ओलीबद्दल एक शब्द नाही. मालकांना मी दोनदा सांगितलं. त्यांचं उत्तर एकच, बदलून द्या. बदलून दिलं की त्यांच्यापुरता विषय संपतो.

त्या दिवशी मी नव्या रोपाचं पीट बादलीत धुऊन काढलं, पेन्सिलीच्या टोकानं मुळं मोकळी केली. उघडी मुळं बघून बाई घाबरल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून दिलं. घरी जाताच लावा, बुंध्याभोवती दोन बोटं खडी घाला, ऑक्टोबरपासून वर काच धरा, पण बाजू उघड्या ठेवा, एवढं सांगितलं.

मागच्या बाकावर माझी बियांपासून केलेली चाळीस रोपं आहेत, खडीतच वाढलेली, जेमतेम चार बोटं उंच. फूल नाही म्हणून ती विक्रीला मांडता येत नाहीत.

जूनमध्ये बाईंनी फोटो पाठवला, रोप फुललं होतं. पण आधीची तिन्हीही जूनमध्ये फुलली होती. आता नोव्हेंबर आहे आणि चार दिवस पावसाची रिपरिप थांबलेली नाही. काच बसवली का, ते विचारायला हवं.