दोघं राजी, तरी कोर्ट कशाला?

दोघं राजी असताना घटस्फोटाला कोर्ट कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपुरात धरमपेठेतलं जोडपं असो की इंदोऱ्यातलं, पहिल्याच भेटीत प्रश्न येतो, "मॅडम, आम्ही दोघंबी राजी आहो, मग बॉन्डवर लिहून मोकळं करा ना. कोर्टाचे चक्कर कायले?" वकील फीसाठी लांबण लावतात, हेही मागाहून कानावर येतं. ते मनाला लागतं, म्हणून एकदाचं सगळं सांगते.

बॉन्डवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर सह्या केल्याने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये रूढीप्रमाणे होणाऱ्या फारकतीला जागा आहे, हे खरं. पण ती रूढी तुमच्या समाजात जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही. बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नालाही हाच कायदा लागू आहे. बॉन्डच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न कायद्याच्या नजरेत लग्नच नसतं. पुढे रेल्वेतला नवरा दगावतो, कुटुंब पेन्शनसाठी ऑफिस पहिल्या लग्नाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, मागतं, आणि दुसरीचा अर्ज तिथेच अडतो. तिची त्यात काय चूक?

तेव्हा रस्ता त्याच कायद्याच्या कलम 13-ब चा, परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा. अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर एका छताखालचं वेगळेपणही चालतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा कोर्टाला सांगायचं. इथवर सोपं आहे. घोडं पेंड खातं ते अटींच्या कागदावर.

शेवटच्या तारखेला काय होतं ते पाहा. पैशाची सोय झाली म्हणून नवऱ्याने डीडी (बँकेचा डिमांड ड्राफ्ट) आधीच काढून ठेवलेला असतो. डीडीची मुदत तीन महिने. तारीख पुढे गेली, मध्ये कोर्टाची सुट्टी आली, की ती संपते. शिवाय डीडी सासरच्या नावाने आणि तिचं खातं माहेरच्या नावाने. व्हरांड्यात ती डीडी उलटसुलट करून बघते, तारीख वाचते आणि तिला वाटतं, फसवलं. नवरा म्हणतो, उद्या बँकेतून बदलून आणतो. तिचा भाऊ म्हणतो, आधी पैसे, मग सही. तेवढ्यात दागिन्यांचा विषय निघतो. कागदावर "स्त्रीधन परत मिळाले" लिहिलेलं, पाटल्या मात्र अजून सासूच्या लॉकरमध्ये. अर्ध्या तासात संमती मागे! तो तिचा हक्कच आहे. डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती काढून घेऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलंय. तोवरची सगळी मेहनत पाण्यात, आणि पुढे एकमेकांवर आरोप करत लढायचं.

म्हणून मी खोदून खोदून विचारते. रक्कम टप्प्यांत लिहा, कोणत्या तारखेला किती ते स्पष्ट. डीडी तारखेच्या आठवड्यातच काढा, पासबुकावरच्या नावाने. दागिने नगावार, ग्रॅममध्ये, फोटोसह लिहा. हातात आल्याखेरीज "मिळाले" लिहू नका. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावे असेल तर तुमच्या आपसातल्या अटींनी बँक बांधली जात नाही. ती नाव कमी करेपर्यंत हप्ता थकला की दोघांच्याही मागे लागते. फ्लॅटमधला हिस्सा सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे वेगळं नोंदवावं लागतं. मुलाची पोटगी आईने "नको" म्हटल्याने संपत नाही, तो हक्क मुलाचा आहे. भेटी "सोयीनुसार" असं मुळीच लिहू नका. वार, वेळ, जागा, दिवाळी कोणाकडे, उन्हाळा कोणाकडे, सगळं हवं. छळाचा गुन्हा नोंदलेला असेल, पूर्वीचा दंड संहितेतला 498-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85, तर ठाण्यात जाऊन "मागे घेतो" म्हटल्याने तो मिटत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून तो रद्द करून घ्यावा लागतो. रकमेचा शेवटचा टप्पा त्या दिवशी ठेवला तर दोघांनाही धीर राहतो.

राहिले सहा महिने. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं. अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पैशाचं आणि मुलांचं खरोखर मिटलं असेल तर. एकेकाळी मला ही मुदत म्हणजे निव्वळ जाच वाटायची. मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईसाठी आजही वाटते. पण याच महिन्यांत लॉकर उघडतो, बँकेचं पत्र येतं, आणि कधी कळतं की तिने सही भावाच्या धाकाने केली होती. तिला पंधरा दिवसांत डिक्री मिळाली असती तर? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा मुदत माफ करायचा अर्ज लिहा म्हणाल, तर आधी अटींचा कागद माझ्यासमोर ठेवा.