खर्जाची तार: माझा व्हायोलाच्या परीक्षेचा अनुभव

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. व्हायोलिन शिकले ते मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून. गुरुजींच्या गाण्याला संगत करत वाढले. आमच्या गावात संगीत शिकण्याचं कुणाला नवल नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. तिचंच पुढे सयाजीराव विद्यापीठातलं संगीताचं महाविद्यालय झालं, मीही तिथलीच. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा खालच्या स्वराचा भाऊबंद, मात्र मी एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात घेतला आणि पस्तिसाव्या वर्षी लंडनच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाची आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड दिली.

सुरुवात झाली जर्मन संगीतकार बाखच्या सहाव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो या वाद्यवृंदाच्या रचनेपासून. त्यात व्हायोलिन नाहीच. पुढे दोन व्हायोला, एकमेकांच्या पाठोपाठ धावणारे. तो आवाज ऐकताना मला गुरुजींचा पहाटेचा खर्ज आठवला आणि मी हटून बसले की हेच शिकायचं.

व्हायोला म्हणजे मोठं व्हायोलिन, असं मलाही वाटायचं. व्हायोलिनपेक्षा त्याच्या तारा एका पंचमाने खाली लागतात: सी, जी, डी, ए. त्या हिशेबाने वाद्य दीडपट मोठं हवं. व्हायोलिनची पेटी, म्हणजे वाद्याचा पोकळ लाकडी भाग, साधारण साडेपस्तीस सेंटिमीटरची, म्हणजे व्हायोलाची त्रेपन्नच्या आसपास व्हायला हवी. तेवढं वाद्य खांद्यावर धरून कोण वाजवणार? म्हणून ते अडतीस ते त्रेचाळीस सेंटिमीटरवर थांबवतात. स्वर खालचा आणि पेटी त्या मानाने लहान, त्यातूनच तो किंचित नाकातला, सावळा आवाज येतो. ही तडजोड मला या वाद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

हातांना मात्र ती महागात पडते. एका विक्रेत्याने माझा हात न मोजताच साडेसोळा इंची व्हायोला पाठवला. चार महिन्यांत डाव्या करंगळीपासून खांद्यापर्यंत कळ जायला लागली. फिजिओथेरपी झाली, सहा आठवडे वाद्य बंद राहिलं. मग मला व्हायोला शिकवणाऱ्या मुंबईच्या सरांनी ऑनलाइन माझा हात, बोटं, मान सगळं बघून साडेपंधरा इंची घ्यायला लावलं. नवीन शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी खांद्यावर घेऊन बघा, मगच पैसे द्या.

खुर्चीवर ताठ बसायची सवय महिन्याभरात झाली. उजव्या हाताला वर्ष लागलं. सीची तार जाड, लगेच बोलत नाही. व्हायोलिनच्या सवयीने गज सपकन ओढला की नुसती खरखर. सर म्हणायचे, "अगं, ओढू नकोस. आधी तार धर, मग निघ." रोज सकाळी अर्धा तास मी ती एकच मोकळी तार लांब गजाने वाजवायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज तरी पुढचा सूर लागणार का गं?" खर्ज भरण्याचा रियाज मी लहानपणी गळ्याने केला होता, तोच आता हाताने करत होते.

मग आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाचे स्वर लिहिताना ओळीच्या सुरुवातीला येणारं चिन्ह. यात पाच रेषांपैकी मधल्या रेषेवर पियानोच्या मधोमधचा सी बसतो. व्हायोलिनवाल्यांची एक पळवाट आहे: ते स्वर व्हायोलिनच्या ट्रेबल क्लेफमधले समजायचे आणि आपण व्हायोलिनच्या तिसऱ्या पोझिशनमध्ये (हात वाद्याच्या मानेवर पुढे सरकवलेला) आहोत असं धरायचं, बोटं बरोबर पडतात. सरांनी तिला बंदी घातली. बोटं बरोबर पडतात, पण स्वराचं नाव मनात चुकीचं उमटतं, आणि नवीन पान समोर आलं की सगळं कोसळतं. त्यांचं म्हणणं खरं होतं.

परीक्षेला वयाची अट नाही, खालच्या ग्रेड न देता थेट आठवीला बसता येतं. मात्र सहावीपासून पुढे थिअरीची, म्हणजे संगीताच्या शास्त्राची, पाचवी ग्रेड आधी उत्तीर्ण लागते. मला एका शिकवणीत हे कुणी सांगितलंच नाही, त्यात माझं अख्खं सत्र गेलं. पियानोची साथही आपली आपणच न्यायची. तीन रचनांना प्रत्येकी ३०, स्केल्सना (सुरांचे आरोह-अवरोह) २१, साइट रीडिंगला (न पाहिलेलं पान बघून वाजवणं) २१, ऑरलला (कानाची परीक्षा) १८, असे एकूण १५० गुण. उत्तीर्णला १००, मेरिटला १२०, डिस्टिंक्शनला १३०.

मला भीती होती ऑरलची. परीक्षक एकाच वेळी चालणाऱ्या तीन सुरावटींचा एक तुकडा पियानोवर दोनदा वाजवतात आणि त्यातली सगळ्यात खालची सुरावट आपण आठवून गायची. माझा कान ख्यालावर पोसलेला. वरची चाल तो न सांगता पकडतो, खालचं काही ऐकूच येईना. आठ महिने मी रोज एकच करत होते, वरचं सोडून द्यायचं. हळूहळू खालची वाट दिसायला लागली. बाखला व्हायोला वाजवायला आवडायचं, असं त्याचा मुलगा सांगून गेला आहे. व्हायोलासारखं सगळ्या आवाजांच्या मधोमध बसण्यातलं सुख मला तेव्हा कळलं.

मुंबईला रात्रीच्या गाडीने गेले. खोलीत एकच परीक्षक होते, अगदी सौम्य. बाखच्या चेलो सुइटमधल्या भागात माझा हात थोडा थरथरला. साइट रीडिंगला पान बघायला अर्धा मिनिट मिळतो, तो संपला कधी ते कळलं नाही. गुण आले १२४: रचनांना ७६, स्केल्सना १७, साइट रीडिंगला काठावरचे १४ आणि ऑरलला १७!

आता मी मोझार्टच्या १७७९ च्या सिंफोनिया कॉन्चेर्तान्ते या रचनेची तयारी करते आहे. त्यात मोझार्टने व्हायोलाच्या चारही तारा अर्ध्या स्वराने चढवून लावायला सांगितल्या आहेत, म्हणजे आवाज उजळतो.

निकालानंतर पेढे घेऊन गुरुजींकडे गेले. त्यांनी वाद्य मांडीवर घेतलं, सीची तार छेडली आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझी पट्टी काळी एक. जमेल?" काळी एक म्हणजे सीपेक्षा अर्धा स्वर वर, म्हणून मी चारही तारा अर्ध्या स्वराने चढवल्या. त्यांचा सा सगळ्यात खालच्या मोकळ्या तारेवर आला. त्यांनी डोळे मिटले आणि भैरव सुरू केला.