होम्सचं कॅरेक्टर शीट

शेरलॉक होम्सला डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत आणायचं तर ‘रोग’ (Rogue) हा चलाख, चोरट्या पात्रांचा क्लास घ्या, तिसऱ्या लेव्हलला त्यातला इन्क्विझिटिव्ह हा सबक्लास. पात्राच्या क्षमतांसाठीचे २७ पॉइंट खर्चून हे आकडे घ्या: इंटेलिजन्स १५, डेक्स्टेरिटी आणि विज्डम १४, कॉन्स्टिट्यूशन १२, उरलेले दोन्ही, म्हणजे स्ट्रेंग्थ आणि करिष्मा, ८. विज्डमवर काटकसर केलीत की फसलात. खोटं पकडणं इनसाइट या कौशल्यावर चालतं आणि इनसाइट विज्डमवर. या सबक्लासमुळे तिथे वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा कमी पडलं तरी ८ धरतात. एक्स्पर्टीज, म्हणजे कौशल्याचा दुप्पट बोनस, इनसाइट नि इन्व्हेस्टिगेशनलाच.

खरी गोची डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची. तपासाचा धागाच फाशावर टांगला आणि ३ पडले, की तपास ठप्प. बुटावरचा चिखल होम्सला फुकटात दिसू द्या. तो कुठल्या गल्लीतला हे किती लवकर कळतं, एवढ्यासाठीच फासा टाका. वेषांतर मात्र करिष्मा ८ वर हमखास अंगाशी येतं.